मालतीबाईंचा पिक्चर आणि सुकदेवभाऊंचं हसणं

सुरतेच्या लिंबायतमध्ये रिक्षावाल्याला नुसतं ‘डायरेक्टरबाईकडे’ म्हटलं, तरी तो बरोबर गल्लीच्या तोंडाशी आणून सोडतो. पुढे रिक्षा जात नाही. पुढे साडीचे गठ्ठे, आडव्या लावलेल्या सायकली आणि विचारलं नसतानाही पत्ता सांगणारी माणसं यांचं राज्य आहे. डायरेक्टरबाई म्हणजे मालतीबाई सुकदेव पाटील. वय सत्तेचाळीस, माहेर पारोळ्याकडचं, शिक्षण नववी, आणि नावावर अहिराणी बोलीतले चाळीसेक छोटे विनोदी पिक्चर नि एक मोठा. अहिराणीत पिक्चर काढणारे गडी खानदेशात पुष्कळ. बाई मात्र लिंबायतपुरती ही पहिलीच. जगात कितवी, ते जगाला विचारा. आमच्याकडे कुणी मोजायला बसलं नव्हतं.

कॅमेरा त्यांच्या हातात आला तो हळदीमुळे. खानदेशी लग्नात हळदीच्या दिवशी बायका काय धुमाकूळ घालतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एकमेकींना फासतात, नवऱ्याची पँट चढवून, मिशा काढून नाचतात, सासऱ्याच्या चालीची नक्कल करतात. असल्या वेळी व्हिडिओवाला गडी आत शिरला, तर त्याच्या कॅमेऱ्यासकट त्याला हळदीत बुडवून बाहेर काढायच्या. हिलालभाऊंचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान मालतीबाईंच्या खोलीच्या खालीच. दोन कॅमेरे पिवळे करून घेतल्यावर ते एका सकाळी जिना चढून वर आले. मालतीबाई दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होत्या. लिंबायतमधली निम्मी बायकामंडळी तेच करते.

“वहिनी,” हिलालभाऊ म्हणाले, “हाई बटन दाबानं. लाल लाइट लागना की समजानं, चालू व्हयनं.”

“नि बंद?”

“तेच बटन.”

मालतीबाईंचं सिनेमाचं शिक्षण म्हणाल तर एवढंच. पहिल्या हळदीत त्या स्वतःच इतक्या हसल्या, की सगळा व्हिडिओ भूकंपात काढल्यासारखा आला. नवरीच्या आईला मात्र तो एवढा आवडला की पुढच्या तीन लग्नांची बोलावणी तिनेच आणली. वर्षभरात हळदीसाठी ‘ती पाटलीणबाईच पाहिजे’ असं होऊन बसलं.

त्या धंद्यातली एक अक्कल मात्र त्यांनी चांगलाच चटका बसून मिळवली. एका लग्नात नवरीच्या आत्याचे मालक पंगतीत होते, वरातीत होते, पण व्हिडिओत कुठेच नव्हते. झालं! दोन घरं वर्षभर एकमेकांच्या दाराला शिवली नाहीत. तेव्हापासून मालतीबाईंनी कानाला खडा लावला. चार पावलं मागे सरकायचं, भिंतीला पाठ लागेपर्यंत सरकायचं, पण सगळे आले पाहिजेत. एकही तोंड सुटता कामा नये.

पुढे त्या पिक्चर काढायला लागल्या, तेव्हाही हीच सवय हाडीमाशी खिळलेली. हळदीतल्या नकला पाहून पाहून त्यांच्या मनात आलं की या बायका एवढ्या भारी नकला करतात, तर त्यांची एखादी गोष्टच का घेऊ नये? पहिली गोष्ट सासू-सुनेची आणि हरवलेल्या मोबाइलची. लोक म्हणाले, बाई आहे, दोन दिवसांत हौस फिटेल. एका शहाण्याने तर सुकदेवभाऊंना खात्याच्या दारात गाठून सांगितलं, की बायकोला आवर. (सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात.) सुकदेवभाऊंनी त्याचं सगळं बोलणं नीट पाहून घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, “माले आयकू येत नही, भाऊ!” आणि आत निघून गेले.

‘पाहून घेतलं’ हे मी चुकून लिहिलेलं नाही. सुकदेवभाऊंनी अठ्ठावीस वर्षं लूम चालवले. शे-दोनशे लूम एका छपराखाली धडधडतात तिथे स्वतःची ओरड स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून खात्यातली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. चार लूम पलीकडचा माणूस तंबाखू मागतोय की शिवी देतोय, हे त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून कळतं. वर्षं सरतात तसे कान सरतात आणि नजर तेवढी तयार होत जाते. सुकदेवभाऊंचे कान पंचेचाळिशीतच जवळपास गेले. घरात काही अडत नव्हतं. मालतीबाई समोर उभ्या राहून बोलल्या की त्यांना अक्षर न् अक्षर समजायचं. भांडण असलं तर जरा जास्तच. फक्त त्यांचं स्वतःचं बोलणं गगनभेदी झालं होतं. ‘मीठ दे’ म्हणाले तरी समोरच्या घरातून मीठ यायचं.

पण पिक्चरचं काय? दरवर्षी गणपतीत चौकात पडदा लागायचा आणि मालतीबाईंचे वर्षभरातले नवे पिक्चर दाखवले जायचे. पडद्याच्या कडेला, लॅपटॉपच्या उजेडात, त्या स्वतः उभ्या असायच्या. सुकदेवभाऊ आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. चौक खदखदून हसायचा आणि ते सगळं ओसरत आलं, की मग सुकदेवभाऊ हसायचे. एकटेच. दोन क्षण उशिरा, मोठ्याने, मान हलवून. पोरं त्यांच्याकडे बघून पुन्हा हसायची.

मालतीबाईंच्या काळजात तिथे कळ यायची. माझा नवरा लोकांचं बघून हसतो, त्याला काही कळत नाही आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसतो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते खरं होऊन बसलं असतं. सगळं लिंबायत हसवलं, पण ज्याच्या पगारावर घर चाललं, ज्याने एका शब्दाने अडवलं नाही, त्या माणसाला माझा एक विनोद वेळेवर पोचू नये? बाईला कुणी बक्षीस दिलं असतं तरी ते एवढं गोड लागलं नसतं, जेवढं सुकदेवभाऊंचं एक वेळेवरचं हसणं लागलं असतं.

मोठा पिक्चर त्यांनी त्याच हट्टाने काढला. नाव ‘दोन लूमनी गल्ली’. गोष्ट लूमवर काम करणाऱ्या नवरा-बायकोची. मनात एवढंच होतं, की यांना बोलणं नाही कळलं तर नाही, निदान जागा तरी ओळखीची वाटेल. आपल्याच खात्यात आपलीच गोष्ट चाललीय एवढं तरी डोळ्यांना दिसेल.

नायिका म्हणून त्यांनी धुरपदाबाईंना धरलं. बावन्न वर्षांच्या धुरपदाबाई सुकदेवभाऊंच्याच खात्यात बॉबिनवर सूत भरायच्या. बाई काळीसावळी, तोंड असं बोलकं की गप्प बसली तरी काहीतरी सांगतेय असं वाटावं. नवरा झाला काशिनाथ रिक्षावाला. शेवटचा प्रसंग असा, की नवरा लूम सोडून कायमचा गावाकडे निघालाय आणि बायको चालत्या लूमच्या मधे उभी राहून त्याला निरोप देते. बाकी ठिकाणी हसवायचं आणि इथे रडवायचं, असा बेत.

खात्याच्या शेठने एका दुपारी तासभर परवानगी दिली. लूम बंद ठेवू का, असंही त्याने विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, “बंद लूम दाखवले तर लिंबायत मला जोड्याने मारेल.” तेव्हा लूम चालूच होते. आणि तिथे पहिल्यांदाच त्यांची पंचाईत झाली. दोन लूमच्या मधली गल्ली ती केवढी! माणूस आडवा झाला तर खांदे घासावेत. चार पावलं मागे सरकायला जावं तर मागचा लूम पदर ओढून घ्यायचा. शेवटी नाइलाजाने कॅमेरा धुरपदाबाईंच्या पार तोंडाशी आला. एवढ्या जवळून मालतीबाईंनी आयुष्यात कुणाचं तोंड घेतलं नव्हतं.

त्यात धुरपदाबाई वाक्य विसरल्या. पुन्हा सांगावं तर आवाज पोचत नाही. शेठ दारात घड्याळ बघत उभा. मालतीबाईंनी हातानेच खुणावलं आणि ओठांनी सांगितलं, “मावशी, नुसतं तोंड हालाडा! काय बी बोला! आवाज मंग टाकसूत!”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ज्या बाईचा सगळा संसार ओठांवर चालला होता, त्या बाईला वाटलं की आवाज ऐकू येत नाही म्हणजे काय बोललं ते कुणाला कळत नाही!

धुरपदाबाईंनी डोळ्यात पाणी आणून मनसोक्त तोंड हलवलं. डोळ्यात पाणी खरं होतं. शूटिंगच्या दिव्याचा उजेड डोळ्यांना लागत होता. त्या वेळी मालतीबाई कॅमेऱ्याच्या काचेत उजेडच बघत होत्या, ओठ नाही. नंतर मुलीने, दिपालीने, घरी लॅपटॉपवर जोडकाम केलं आणि हिलालभाऊंच्या दुकानात गोधड्या टांगून आवाज भरला. आवाज चंचल नावाच्या शेजारच्या मुलीचा, कारण तिने कॉलेजात नाटकाचं बक्षीस घेतलं होतं. चंचल अशी बोलली की गोधडीमागे हिलालभाऊंनी नाक ओढलं. दिपाली म्हणाली, “मम्मी, होठ थोडे वेगळे हलतायत, हं.” मालतीबाई म्हणाल्या, “रडणाऱ्या बाईचे ओठ कोण बघतंय?”

समाजाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी खेळ लागला. हॉल असा भरला की बायका खिडक्यांत बसल्या. पुढच्या तीन रांगा मालतीबाईंनी खात्यातल्या लोकांसाठी राखल्या होत्या, मधे पाहुणा म्हणून शेठ, आणि पहिल्याच खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात सुकदेवभाऊ. मालतीबाई नेहमीच्या जागी, पडद्याच्या कडेला. पहिला तासभर सगळं यथास्थित. लोक हसले. सुकदेवभाऊ हसले, दोन क्षण उशिरा. मालतीबाईंनी मनातल्या मनात सुस्कारा टाकला. म्हणजे खातं दाखवूनही काही उपयोग झाला नाही तर.

मग निरोपाचा प्रसंग आला. पडद्यावर धुरपदाबाईंचं तोंड, भिंतीएवढं. चंचलचा भरलेला आवाज घुमला: “जाय तू गावले. मनी चिंता करू नको. हाऊ लूमच आते मना मायबाप शे...”

मागच्या रांगांतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेठनेही रुमाल काढला. आणि ऐन त्या शांततेत पहिल्या खुर्चीवरून सुकदेवभाऊ फुटले. असे हसले की खुर्ची करकरली. त्यांच्यापाठोपाठ त्यांची रांग, मग दुसरी, मग तिसरी. खात्यातली साठ-सत्तर माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. मागच्या लोकांना काही उमगेना. कुणी “शूऽऽ” करत होतं, कुणी “लाज नाही का वाटत!” म्हणत होतं. शेठ रुमाल तसाच धरून इकडेतिकडे पाहू लागला. त्याच्याकडे पाहून तर त्या लोकांना आणखीच उकळी फुटली.

एवढा जीव ओतलेला प्रसंग आणि त्याचं हसं! हिलालभाऊ धावत आले. “वहिनी, बंद करू का?” तेवढ्यात पिक्चर आपणच संपला, दिवे लागले, आणि धुरपदाबाई डोक्यावर पदर ओढून मागच्या दाराने सटकताना दिसल्या. मालतीबाईंनी त्यांना जिन्यावर गाठलं.

“मावशी! तुम्ही काय बोलनात तठे?”

धुरपदाबाईंनी आधी देवाची शपथ घालून घेतली, की शेठला सांगायचं नाही. मग म्हणाल्या, “तूच सांगं ना, काय बी बोला! मी काय बोलू? मी सांगं, काशिनाथ, तुना शर्टनं बटन तुटेल शे. मना गुडघा दुखी राहिना. घर गॅसवर वांगा ठेयेल शेतस नि सूननं ध्यान मोबाइलमा, आज वांगा जळनात समज. नि...” त्यांनी आवाज खाली आणला, “...शेठनं पोट देख, दोन लूम मावतीन त्यामा.”

मालतीबाई जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. “मग वांगी?” त्यांच्या तोंडून निघालं.

“जळनात ना माय!” धुरपदाबाई म्हणाल्या.

शेठला लोकांनी सांगितलं, की बाईचा गुडघा दुखतोय असं ती म्हणत होती. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि जाताना त्याने धुरपदाबाईंना गुडघ्यासाठी एक तेलही सुचवलं.

संध्याकाळी मालतीबाई खाली हिलालभाऊंच्या दुकानाच्या ओट्यावर बसून होत्या, तोंड पाडून. सुकदेवभाऊ आले आणि शेजारी न बसता समोर बसले. शेजारी बसून त्यांना बोलता येत नसे. ते अजून मधेच हसत होते. मालतीबाई म्हणाल्या, “आज तुम्ही सगळ्यात आधी हसलात.”

“मंग!” सुकदेवभाऊ म्हणाले. “बाकीनास्ले एकच दिसनं. माले दोन दिसनात ना!”

“दोन?”

“धुरपदा वांगानं सांगे, नि तू मायबापनं सांगे!”

मालतीबाईंना काही समजलं नाही. मी कुठे काय सांगत होते? मी तर कडेला उभी होते, मुकाट. तेव्हा सुकदेवभाऊंनी त्यांच्या परीने अगदी हळू, म्हणजे निम्म्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात खुलासा केला. पिक्चर चालू असताना मालतीबाई मुकाट नसतातच. नवऱ्याचं, बायकोचं, सासूचं, पोलिसाचं, सगळ्यांचं बोलणं त्या स्वतः ओठांतल्या ओठांत बोलत असतात. त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं दर गणपतीत सुकदेवभाऊंनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. पडद्यावर सगळी माणसं एका रांगेत, मुंगीएवढी. त्यांचे ओठ काय दिसणार? आज धुरपदाबाईंचं तोंड भिंतीएवढं झालं, तेव्हा कुठे नजर तिकडेही गेली. ते पहिल्या रांगेत बसायचे ते लॅपटॉपच्या उजेडात बायकोचं तोंड नीट दिसावं म्हणून.

“तू बोलस, मंग माले समजस, मंग मी हासस,” सुकदेवभाऊ म्हणाले. “तव्हयलोंग लोके हासी लेतस.” तोवर लोकांचं हसून झालेलं असायचं.

मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?”

“बठं!” म्हणजे सगळंच.

“आणि माझे पिक्चर तुम्ही पाहिलेच नाहीत?”

“कसाले देखू?” सुकदेवभाऊ आता न राहवून ओरडलेच. “तुना बठा पिक्चर तुना तोंडवरच देखनात मी! चाळीसना चाळीस!”

समोरच्या घरातली टीव्हीची मालिका कुणीतरी बंद केली. वरच्या खिडकीतून हिलालभाऊंच्या बायकोने डोकं बाहेर काढलं. गल्लीत एवढं प्रेमाचं वाक्य एवढ्या मोठ्याने कुणी कधी बोललं नव्हतं. मालतीबाईंना रडू आलं, हसू आलं आणि लाजही वाटली. इतकी वर्षं ज्या गोष्टीचं मनात दुःख केलं, ती दुःखाची नव्हतीच! वेड्या बाई, एकदा विचारलं असतं तर? पण विचारायला धीर लागतो, आणि तो पिक्चर काढायला लागतो त्याहून जास्त लागतो.

पुढच्या रविवारी दुसऱ्या पाळीच्या लोकांनी खेळ पुन्हा मागितला. खरं तर त्यांना धुरपदाबाईंची वांगी पाहायची होती. हिलालभाऊ म्हणाले, प्रसंग कापून टाकू. मालतीबाईंनी साफ नाही म्हटलं. पुढच्या पिक्चरात आपण प्रत्येकाच्या तोंडाजवळच जायचं, मग पाहुणे रुसले तर रुसू देत, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. लॅपटॉपजवळ त्यांनी दिपालीला उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पिक्चरला प्रेक्षक म्हणून बसल्या, पहिल्या रांगेत, सुकदेवभाऊंच्या शेजारी.

दिवे गेले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की सुकदेवभाऊ खुर्चीत वळून त्यांच्याकडे पाहत बसलेत. त्यांनी कोपराने ढोसलं, हाताने पडदा दाखवला. सुकदेवभाऊंनी एकदा पाहिलं आणि पुन्हा वळले. निरोपाचा प्रसंग आला. धुरपदाबाईंचं तोंड भिंतभर झालं, पुढच्या रांगा हसून लोळू लागल्या. आता तरी समोर बघतील म्हणून मालतीबाईंनी स्वतःचे ओठ घट्ट मिटून घेतले, एक अक्षर उमटू दिलं नाही. तरी सुकदेवभाऊ त्यांच्याकडेच पाहत राहिले.